स्टेरॉइड दिलंय, घेऊ का नको?

दम्याच्या पंपाबद्दल लिहिलं तेव्हापासून स्टेरॉइडचेच प्रश्न येतायत. व्हॉट्सॲपवर, मेलवर, एका आजोबांनी तर चक्क पोस्टकार्ड टाकलंय (अजून मिळतं हे बघून बरं वाटलं). म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यावरच. जिममध्ये मसल फुगवायला जी इंजेक्शनं घेतात तो प्रकार वेगळा, तो आज नाही. आज प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन (म्हणजेच डेक्सा), बीटामेथासोन, डेफ्लाझाकोर्ट या सूज-दुखणं दाबणाऱ्या मंडळींबद्दल. पत्रं थोडी छाटलीत.

मॅडम नमस्कार. वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, तरुणपणी टीबी होऊन गेलाय. गुडघे आणि कंबर कायम धरलेली असायची. पाहुण्यांनी एका ठिकाणची पुडी आणून दिली, आयुर्वेदिक आहे काही साइड इफेक्ट नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी वडील रानात चालत गेले! आता चार महिने झाले, चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय पण हातपाय काटकुळे, जरा कुठे लागलं तरी काळंनिळं होतं आणि शुगर तीनशेच्या खाली येईना. पुडीत स्टेरॉइड असेल का? असेल तर आजच बंद करतो. – एक मुलगा, कराड

दादा, आजच एकदम बंद करू नका. आधी एवढं वाक्य वडिलांना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

पुडीत काय आहे ते लॅबमध्ये तपासल्याशिवाय छातीठोकपणे कोणी सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझा संशय स्टेरॉइडवरच जातो. वर्षानुवर्षं धरलेले सांधे दोन-तीन दिवसांत मोकळे करणारी औषधं जगात फार नाहीत. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकला डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका बाईंना पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं, ज्यांना धड हलता येत नव्हतं त्या बाई काही दिवसांत चालायला लागल्या, सगळीकडे गाजावाजा झाला आणि दोनच वर्षांत, १९५० ला, हेंच, केंडल आणि राइखश्टाइन तिघांना नोबेल मिळालं. पण औषध चालू राहिलं तसे पेशंटचे चेहरे गोल व्हायला लागले, झोप उडाली, डोकी फिरायला लागली. म्हणजे तुमच्या घरात चार महिन्यांत जे दिसलं ते डॉक्टर लोकांना पंचाहत्तर वर्षांपासून माहितीय. फरक इतकाच की तिथे डोस मोजून देत होते, तुमच्याकडे किती जातंय हे देणाऱ्यालाही माहीत असेल का शंका आहे.

आता बंद का करायचं नाही ते. दोन्ही किडन्यांच्या वर एकेक ॲड्रीनल ग्रंथी असते आणि ती रोज स्वतःचं स्टेरॉइड बनवते, कॉर्टिसॉल, साधारण ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीच्या आसपास. बाहेरून रोज त्यापेक्षा जास्त यायला लागलं की शरीर म्हणतं मग आपण कशाला बनवायचं, आणि तीन-चार आठवड्यांच्या पुढे हे चाललं तर ग्रंथी सुस्तावते. अशा माणसाची पुडी एका दिवसात बंद केली तर बाहेरचं थांबलं आणि आतलं अजून सुरू नाही, मग एकदम गळाठून जाणं, मळमळ, उलट्या, चक्कर, बीपी उतरणं, आणि त्यातच जर ताप किंवा जुलाब लागले तर माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. असं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे "हे चार महिने पुडी घेत होते, त्यात स्टेरॉइड असावं" हे स्पष्ट सांगायचं. लाजू नका, अशा वेळी त्या माहितीवर जीव वाचतो.

तशी वेळ नसेल तरी याच एक-दोन दिवसांत फिजिशियनकडे जा, उरलेल्या पुड्या सोबत घेऊन. ते बहुतेक पुडीच्या जागी मोजलेल्या डोसची गोळी देतील आणि ती हळूहळू कमी करतील, मध्येच सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल बघतील. याला महिने लागू शकतात, आणि त्या काळात गुडघे परत दुखणार हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते गुपचूप दुसरी पुडी मागवतील. (मागवतातच.)

टीबीचं जरूर सांगा. भारतात खूप लोकांच्या अंगात टीबीचे जंतू गप्प पडून असतात आणि प्रेडनिसोलोनच्या हिशोबात रोज १५ मिलीग्रॅम किंवा जास्त महिनाभर गेलं की ते उठायची भीती वाढते. छातीचा एक्स-रे होईल, खोकला असेल तर थुंकीची तपासणी. स्टेरॉइड चालू असताना ताप फारसा चढत नाही, दुखणंही दबतं, त्यामुळे "तसा ताप नव्हता हो" यावर अजिबात विसंबू नका. हिपॅटायटीस बी ची टेस्टही करून घ्या, तोही असाच दबा धरून असतो. हाडं ठिसूळ व्हायला तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जोरात सुरुवात होते म्हणून व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि पाठीच्या मणक्यांकडे लक्ष द्यायला सांगा. आणि पुडी देणाऱ्याची तक्रार एफडीएकडे, म्हणजे आपल्या अन्न व औषध प्रशासनाकडे करा. पाहुणे रागावले तर रागावू देत.

आईला परवा तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना. डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणाले आणि दहा दिवसांचं प्रेडनिसोलोन दिलं. आईला शुगर आहे म्हणून आम्ही अजून सुरू केलं नाही. – लेक, परभणी

ताई, हे वाचलं आणि वाटलं मासिक छापून येईपर्यंत काय होणार, म्हणून तुम्हाला मेलवर लगेच कळवलं, इथे बाकीच्यांसाठी देतेय. बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेच्या लकव्यात, गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चेहरा पूर्ववत व्हायची शक्यता चांगली वाढते, उशीर झाला की तो फायदा हातातून जातो. शुगर आहे म्हणजे स्टेरॉइड बंदच असं नसतं, शुगरकडे डोळे लावून घ्यायचं असतं एवढंच. आणि ती बघायची कधी? इथेच सगळे फसतात. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं की शुगर चढते ती दुपारनंतर आणि संध्याकाळी, सकाळची उपाशीपोटी केलेली टेस्ट बऱ्याचदा छान नॉर्मल येते आणि घरचे खूश. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा. तीनशेच्या वर जात असेल, सारखी लघवी, घसा कोरडा, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ते त्या दहा दिवसांपुरती गोळी वाढवतील किंवा इन्सुलिन देतील. एवढा छोटा कोर्स संपल्यावर कराडच्या काकांसारखी महिनोन्‌महिने कमी करत बसायची वेळ सहसा येत नाही, डॉक्टरांनी लिहिलंय तसं संपवा. डोळ्यात दिवसा ओलावा ठेवणारे (स्टेरॉइड नसलेले) थेंब, रात्री मलम आणि पट्टी, त्याकडे दुर्लक्ष नको.

मांडीत नायटा झालेला. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, तीन दिवसांत खाज गेली. बंद केली की परत येतं, आता पोटावर पण आलंय आणि मिस्टरांना, मुलीला पण. तीच क्रीम मी चेहऱ्याला लावते कारण रंग उजळला होता, पण हल्ली न लावता उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. – गृहिणी, नाशिक

तुमच्या ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यातलं काहीतरी लिहिलेलं असणार, भिंग घेऊन बघा. सोबत एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये, म्हणजे काही ना काही लागू पडेलच असा हिशोब. नायटा ही बुरशी. स्टेरॉइडने खाज आणि लाली जाते, बुरशी मात्र आरामात पसरते, राखेखाली निखारा तसं. आणि पुढे तिचं रूपही बदलतं, कडा पुसट होतात, गोल दिसत नाही, स्किनच्या डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायटा एवढा चिवट का झालाय याच्या कारणांत या ट्यूबांचं नाव स्किनवाले बराच वरती घेतात. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा यादीत टाकल्या, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हीच लिहिलंय.

चेहऱ्याचं वेगळं. चेहऱ्याची, जांघेतली, काखेतली कातडी पातळ, तिथे ही औषधं जास्त आत जातात. आधी उजळ वाटतं, मग कातडी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, पुरळ, बायकांच्या चेहऱ्यावर केस, आणि बंद केलं की आग आग. म्हणून लोक परत लावतात, आणि ते चक्र वर्षानुवर्षं चालतं. स्किनच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब घेऊन जा, बंद कशी करायची ते त्यांनाच ठरवू दे, तोपर्यंत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. नायट्यासाठी तिघांनाही एकदम पूर्ण औषध लागेल, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात. मुलगी किती मोठी ते लिहिलं नाहीत, पण लहान असेल तर ही ट्यूब तिला अजिबात लावू नका. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली तर कधीच नाही, झाकलेल्या जागी औषध कितीतरी जास्त शोषलं जातं आणि थेट रक्तात जातं.

उसाचा पाला डोळ्यात लागला. मेडिकलमधून डोळ्याचे थेंब आणले, पहिले दोन दिवस बरं वाटलं, आता बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. – शेतकरी, शिरोळ

थेंब बंद आणि आज डोळ्याच्या डॉक्टरकडे. उद्या नको. पाल्याने लागलेल्या जखमेत बुरशी शिरते, स्टेरॉइडचे थेंब घातले की लाली उतरते म्हणून बरं वाटतं आणि आत बुबुळ खाल्लं जातं. बुबुळावर नागिणीच्या जातीतल्या व्हायरसची जखम असेल तरी हेच. डोळा लाल झाला म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांत डेक्सा, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ते कोणाच्याच डोळ्यात घालू नका.

हेच उत्तर सोलापूरच्या त्या आईंनाही, ज्या मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजतात म्हणून दोन वर्षं एकच बाटली आणतायत. अशा थेंबांनी डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होतो आणि तो दुखत नाही, मुलाला कळतसुद्धा नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल तर धोका आणखी. या आठवड्यात प्रेशर तपासून घ्या.

सातवा महिना. मला दमा आहे, रोजचा ब्युडेसोनाइडचा पंप आहे. सासूबाई म्हणतात बाळाला स्टेरॉइड नको, म्हणून मी दोन आठवडे बंद ठेवलाय, रात्री धाप लागते. – पुणे

सुरू करा, आजच, आणि धाप लागतेय म्हणून डॉक्टरांनाही दाखवा. पंपातून फुप्फुसात जाणारा डोस खूप कमी असतो, गरोदरपणात ब्युडेसोनाइडचा अनुभव भरपूर आहे. आईला धाप लागली की बाळाला ऑक्सिजन कमी, खरा धोका तो. अटॅक आला आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्यायची वेळ आली तरी वार (प्लासेंटा) त्यातलं बरंचसं बाळापर्यंत जाण्याआधीच निष्प्रभ करते. डेक्सा आणि बीटामेथासोन मात्र वार ओलांडून जातात, आणि म्हणूनच कळा लवकर सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून डॉक्टर मुद्दाम तीच इंजेक्शनं आईला देतात. सासूबाईंची काळजी खोटी नाही, स्वतःच्या मनाने गोळ्या घ्यायच्याच नसतात, पण पंप हे त्यातलं नव्हे. पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरं बसतं.

आम्ही कोविडपासून घरात डेक्साच्या गोळ्या ठेवतो. ताप आला की एक-दोन घेतो, लगेच उतरतो. चालेल ना? – ठाणे

नाही चालणार. कोविडमध्ये डेक्सा गाजलं ते इंग्लंडच्या २०२० च्या रिकव्हरी ट्रायलमुळे, रोज ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट थोडं नुकसानच असावं असे आकडे होते. बातमीतला हा शेवटचा भाग आपल्याकडे कोणी वाचलाच नाही. २०२१ च्या लाटेत घरी बसलेल्या लोकांना पहिल्या दिवसापासून डेक्सा, त्यात शुगर, ती मोजलेली नाही, आणि मग महाराष्ट्रात म्युकरचे (काळ्या बुरशीचे) हजारो पेशंट. कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा. पुढे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा जाऊन कंबरेशी दुखायला लागलेले तरुण पेशंटही आले. साध्या तापात, डेंग्यूत याचा उपयोग नाही. ताप उतरतो पण ज्याने ताप आला ते आत वाढत राहतं आणि निदान लांबतं. गोळी एवढीशी दिसते म्हणून हलकी समजू नका, ६ मिलीग्रॅम डेक्सा म्हणजे ४० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन. वजन वाढवायच्या म्हणून ज्या गोळ्या मुलींना देतात त्यातही पुष्कळदा हीच डेक्सा निघते, सोबत भूक वाढवणारी सायप्रोहेप्टाडिन. ते जे वजन दिसतं ते पाणी आणि चरबी.

आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी रोज ३० मिग्रॅ प्रेडनिसोलोन चालू आहे, महिना झाला. केनियात नोकरी लागलीय, यलो फीवरची लस कंपल्सरी म्हणतात. – डोंबिवली

अभिनंदन, आणि थांबा. यलो फीवरची लस जिवंत, म्हणजे कमजोर केलेल्या पण जिवंत व्हायरसची असते. रोज २० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर जिवंत लसी देत नाहीत, आणि डोस बंद झाल्यावरही निदान महिनाभर थांबतात. गोवर, कांजिण्यांच्या लसींनाही हाच नियम, फ्लूचं आणि न्यूमोनियाचं नेहमीचं इंजेक्शन मात्र चालतं, उलट घ्याच. पोटाच्या डॉक्टरांना जायची तारीख सांगा, डोस कधी संपेल ते विचारा, कंपनीला जॉइनिंग पुढे ढकलता येतं का बघा. लसीचं सर्टिफिकेट लागू व्हायला दहा दिवस जातात तेही धरा. डॉक्टरांकडून लस देता येत नाही असं पत्र मिळू शकतं, पण केनियातून भारतात परत येताना सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं, आणि मुख्य म्हणजे डास तुमचं पत्र वाचत नाही. लसीआधी कोणाला सांगायचं राहून गेलं असं व्हायला नको, केंद्रावर रांगेत भराभर टोचतात. आणि हो, गोळ्या चालू असताना घरात कोणाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला लहानपणी झाल्या नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आता छोटी छोटी.

बीडच्या काकांनी विचारलंय डायक्लोफेनॅक (दुखण्यावरची गोळी) आणि प्रेडनिसोलोन एकत्र चालेल का. स्वतःच्या मनाने नको, दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊन रक्त जायचा धोका खूप वाढतो. काळी शी झाली तर हॉस्पिटल.

सोरायसिससाठी डेक्साचं इंजेक्शन घेऊन फरक पडला, परत घेऊ का? (जळगाव) नको. उतरल्यावर सोरायसिस दुप्पट जोराने येतो, कधी अंगभर पू भरलेल्या फोडांचा, आणि तो ॲडमिट करण्याइतका गंभीर असतो.

रत्नागिरीच्या ताई लिहितात, वडिलांना स्टेरॉइड सुरू केल्यापासून रात्रभर जागे, खूप बोलतात, शेजाऱ्यांवर संशय घेतात. हे औषधामुळे होऊ शकतं, वय झालं म्हणून सोडून देऊ नका, लगेच कळवा. डोस बहुतेक वेळा सकाळी नाश्त्यानंतर एकदाच घ्यायला सांगतात तो यासाठीही, संध्याकाळी घेतलं तर झोप जातेच. घरात कोणाला किंवा त्यांना स्वतःला पूर्वी मानसिक आजार झाला असेल तर तेही सांगा.

खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा रोज घेते, बीपी आणि प्रेडनिसोलोन दोन्ही आहे. (सातारा) बंद करा. ज्येष्ठमधानेही बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडनेही तेच, आणि बीपीसाठी लघवीची गोळी असेल तर तिसरं. एवढं पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचंय, शुगर आहे, पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचाय. (अकोला) मग ते इंजेक्शन कशाला? ऑपरेशनच्या आधी तीन महिन्यांत सांध्यात स्टेरॉइड टोचलं तर नव्या गुडघ्यात इन्फेक्शनची भीती वाढते. सर्जनना विचारल्याशिवाय नको.

आणि पोस्टकार्डवाले आजोबा, सांगलीचे. सहा महिने प्रेडनिसोलोन चालू होतं, दोन महिन्यांपूर्वी बंद केलं, आता हर्नियाचं ऑपरेशन आहे, जुनं औषध सांगायची गरज आहे का विचारतात. आहे, नक्की आहे. ग्रंथी पूर्ण जागेवर यायला वर्षसुद्धा लागतं आणि ऑपरेशनच्या वेळी शरीराला कॉर्टिसॉल जास्त लागतं, ते कमी पडलं तर टेबलावर बीपी पडतं. सर्जनना सांगाच, पण भूल देणारे डॉक्टर आदल्या दिवशी तपासायला येतात त्यांना वेगळं सांगा आणि जुनी चिठ्ठी हातात द्या. लागलं तर ते ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन देतील.